युनिक्सवर टेक लाइव्ह बसवायचं: ॲप्टनं की थेट सीटॅनवरून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवतात. लॅबमध्ये उबुंटू २२.०४ चालणारे वीसेक संगणक आहेत. गणिती मजकूर सुबक जुळवणाऱ्या लाटेकसाठी त्यांनी ॲप्टनं, म्हणजे उबुंटूच्या प्रोग्राम बसवणाऱ्या कमांडनं, टेक लाइव्ह (टेक-लाटेकचा तयार संच) टाकलं. एका विद्यार्थ्याला एककं लिहिण्याचं ‘सायुनिटएक्स’ हे पॅकेज सापडेना, म्हणून त्यानं टीएलएमजीआर (टेक लाइव्हचं पॅकेजं आणणारं साधन) चालवून पाहिलं. ते ‘तुमची आवृत्ती जुनी आहे’ म्हणून अडून बसलं. मग कोणीतरी सीटॅनवरून, म्हणजे टेकच्या फाइलींच्या इंटरनेटवरच्या मुख्य भांडारातून, नवं टेक लाइव्ह उतरवून त्याच मशीनवर बसवलं. आता कंपाइल करताना जुनं चालतंय की नवं, हेच कळत नाही. त्यात शोधनिबंधाच्या मराठी सारांशात जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. ताईंनी विचारलंय: सगळं काढून नीट कसं बसवू? आणि प्रत्येक मशीनवर सात-आठ जीबी उतरवत बसायचं का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. एका मशीनवर एकच टेक लाइव्ह ठेवा. एक तर उबुंटूचं, नाही तर सीटॅनवरचं मूळ. दोन्ही वाईट नाहीत, दोन्ही एकत्र मात्र वाईट. तुमच्या लॅबसाठी मी मूळ टेक लाइव्ह घेईन, ते एकाच मशीनवर उतरवीन आणि बाकीच्यांवर नुसती नक्कल करीन.

(कमांडा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच टाइप करायच्या.)

हा घोळ मुळात होतो काहून, ते समजलं की पुढचं सोपं जातं. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७-७८ मध्ये सुरू केलेलं टेकचं मूळ इंजिन आज जवळजवळ गोठलेलं आहे. त्याचा आवृत्ती क्रमांक दर दुरुस्तीला पायच्या एकेका दशांश स्थळानं वाढतो, आणि २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ वर आहे. बदलतं ते त्याच्या भोवतालचं: हजारो पॅकेजं, फॉन्ट, आणि ज्याच्या आवृत्त्या आता बहुधा वर्षातून दोनदा निघतात असा लाटेकचा गाभा. टेक लाइव्ह म्हणजे हे सगळं गोळा करून, एकमेकांशी जुळवून, दरवर्षी साधारण मार्चच्या आसपास निघणारा संच. १९९६ पासून टेक युझर्स ग्रुप तो काढतो आहे. त्याआधीपासून युनिक्सवर टीटेक चालायचं. २००६ मध्ये ते बंद झालं आणि टेक लाइव्हच युनिक्सचं नेहमीचं वितरण झालं.

उबुंटू आणि डेबियन हाच संच घेतात, त्याचे आपल्या पद्धतीनं तुकडे करतात आणि आवृत्ती त्या जागी थांबवून ठेवतात. उबुंटू २२.०४ मध्ये टेक लाइव्ह २०२१ आहे, २४.०४ मध्ये २०२३. उबुंटूची पुढची आवृत्ती घेईपर्यंत ते बदलत नाही, आणि ज्यांना स्थिरता हवी त्यांच्या दृष्टीनं हा गुणच आहे. टीएलएमजीआर हे मूळ टेक लाइव्हचं स्वतःचं व्यवस्थापन साधन. ते सीटॅनवरच्या चालू वर्षाच्या भांडाराशी बोलतं. २०२१ च्या संचानं आजच्या भांडाराकडे काही मागितलं तर नकार मिळणारच. वर डेबियन-उबुंटूनं ते मुद्दाम ‘युझर मोड’मध्ये टाकलेलं असतं, म्हणजे ते सिस्टीमच्या फाइलींना हात न लावता घरच्या फोल्डरमध्ये वेगळं झाड (फोल्डरांची रचना) लावायला बघतं. त्या विद्यार्थ्याची चूक नव्हती. इंटरनेटवरच्या बहुतेक सूचना मूळ टेक लाइव्हसाठी लिहिलेल्या असतात, त्या उबुंटूच्या संचाला लागू पडत नाहीत, एवढंच.

खरं तर त्याचं काम एका ओळीत झालं असतं. उबुंटूत सायुनिटएक्स ‘टेकलाइव्ह-सायन्स’ या गठ्ठ्यात असतं. ॲप्टनं तो टाकला की झालं. कोणती फाइल कोणत्या गठ्ठ्यात आहे हे ‘ॲप्ट-फाइल सर्च’ सांगतं. फेडोरावर याहून सोपं आहे. तिथे डीएनएफला, म्हणजे तिथल्या ॲप्टला, थेट स्टाइल फाइलचं नाव दिलं तरी ते नेमकं पॅकेज शोधून आणतं. जागा असेल तर ‘टेकलाइव्ह-फुल’ टाकून मोकळं व्हा, हा सल्लाही वाईट नाही. ज्याला फक्त प्रबंध लिहायचा आहे, सिस्टीमची देखभाल दुसरं कोणी करतं आणि गेल्या दोन-तीन वर्षांतलं एखादं नवं पॅकेज लागत नाही, त्यानं ॲप्टच धरावं. मूळ टेक लाइव्ह बसवणं काही शौर्याचं काम नाही, आणि न बसवण्यात कमीपणाही नाही.

तुमच्याकडे मात्र दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जर्नलं अधूनमधून अशा टेम्प्लेट पाठवतात, ज्यांना लाटेकचा नवा गाभा लागतो. आणि वीस मशीनवर हुबेहूब एकच आवृत्ती हवी, नाही तर एकाचं कंपाइल झालेलं दुसऱ्याकडे होत नाही. म्हणून मूळ टेक लाइव्ह.

आधी झाडलोट

ॲप्टचं ‘पर्ज’ वापरून टेकलाइव्हनं सुरू होणारी सगळी पॅकेजं काढा. ‘होय’ म्हणण्याआधी काय काय निघतंय ती यादी वाचा, कारण टेकवर अवलंबून असलेले दुसरे प्रोग्रामही त्यासोबत जातात. नंतर ‘ऑटोरिमूव्ह’. कोणीतरी टाकलेलं मूळ टेक लाइव्ह युएसआर-लोकलखालच्या टेकलाइव्ह फोल्डरमध्ये, वर्षाच्या नावाच्या उपफोल्डरात असेल. अर्धवट वाटत असेल तर तेही उडवा.

यानंतर एक जागा बहुतेक जण विसरतात. युझर मोडमध्ये टीएलएमजीआर चाललं असेल तर त्यानं पॅकेजं त्या वापरकर्त्याच्या घरातल्या ‘टेक्समएफ’ फोल्डरात ठेवलेली असतात. कोणतीही फाइल शोधताना टेक आधी तिथे बघतं, सिस्टीमच्या झाडात नंतर. म्हणजे सिस्टीमवर कितीही ताजं टेक लाइव्ह बसवलं तरी घरातली जुनी स्टाइल फाइल वरचढ ठरणार, आणि एरर असा येणार की माणूस चक्रावून जाईल. केपीएसई-विच या कमांडला फाइलचं नाव दिलं की टेक नेमकी कोणती प्रत उचलतंय त्याचा पूर्ण पत्ता मिळतो. सायुनिटएक्सचा पत्ता घरच्या फोल्डरमधला आला, तर चोर सापडला. तो फोल्डर बाजूला ठेवा, लगेच पुसू नका. त्यात कोणी स्वतःच्या स्टाइल फाइलीही ठेवलेल्या असू शकतात. घरात टिंबानं सुरू होणारे ‘टेकलाइव्ह २०२१’ सारखे लपलेले फोल्डर असतील तर ते बिनधास्त काढा, त्यात मुख्यतः कॅश आणि तयार केलेले फॉरमॅट असतात.

उतरवणं

सीटॅनवरून इन्स्टॉलरची छोटी टार फाइल घ्यायची. तिच्या नावात ‘इन्स्टॉल-टीएल-युएनएक्स’ असं असतं. ती काही एमबींचीच आहे, खरा माल चालवल्यावर येतो. सीटॅनचा मुख्य मिरर-पत्ता तुम्हाला आपोआप जवळच्या मिररकडे, म्हणजे सीटॅनची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरकडे, पाठवतो. एखादा मिरर मंद असेल किंवा नुकताच अद्ययावत होत असेल, तर अधेमधे फाइली जुळत नाहीत म्हणून तक्रार येते. अशा वेळी रिपॉझिटरीचा पर्याय देऊन दुसरा मिरर ठरवून घ्या. टार फाइलशेजारी एसएचए-५१२ ची बेरीज असते, ती ताडून पाहायला अर्धं मिनिट लागतं. मशीनवर जीपीजी असेल तर पुढच्या डाउनलोडची सही इन्स्टॉलर स्वतःच तपासतो.

ताईंनी लिहिलंय की कॉलेजचं इंटरनेट प्रॉक्सीमागे आहे. मग प्रॉक्सीचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावा लागेल. पण सुडो (रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार देणारी कमांड) लावून कमांड चालवली की सुडो ते व्हेरिएबल गाळून टाकतं, आणि इन्स्टॉलर ‘नेटच नाही’ म्हणतो. सुडोला मोठा ‘ई’ हा पर्याय दिला की व्हेरिएबल टिकतं. मी मात्र सुडोच टाळतो: सुरुवातीला एकदा युएसआर-लोकलखाली टेकलाइव्ह फोल्डर तयार करून त्याची मालकी देखभाल करणाऱ्या खात्याकडे देतो. पुढे इन्स्टॉल, अपडेट, दुरुस्ती, सगळं त्याच खात्यातून, रूटचा संबंध नाही.

नेट अगदीच रडतखडत असेल तर आयएसओ घ्या. पूर्ण संचाची आयएसओ फाइल दरवर्षी निघते, कित्येक जीबींची. ती टॉरेंटनंही मिळते, म्हणजे तुटलेलं डाउनलोड पुढे सुरू करता येतं. ती पेन ड्राइव्हवर नेताना एक अडथळा हमखास येतो. बाजारात मिळणारे बरेच पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेले असतात, आणि त्यावर चार जीबीच्या वरची एकच फाइल बसत नाही. कॉपी शेवटाकडे येऊन थांबते आणि लोक पेन ड्राइव्ह खराब समजून सीताबर्डीवरून नवा आणतात. एक्सफॅट किंवा ईएक्सटी-४ मध्ये फॉरमॅट करा, काम होतं. आयएसओ जाळून डीव्हीडी करायची गरज नाही. लिनक्सवर ती लूप माउंट करून आतला इन्स्टॉलर थेट चालवता येतो.

बसवणं

इन्स्टॉलर पर्लमध्ये लिहिलेला आहे. उबुंटू डेस्कटॉपवर पर्ल असतंच. फेडोराच्या लहान इन्स्टॉलेशनवर काही पर्ल मॉड्यूलं वेगळी टाकावी लागतात. काय कमी आहे त्याचं नाव एररमध्येच येतं. चालवल्यावर एक साधा मजकुरी मेनू उघडतो. ‘एस’ दाबून स्कीम, ‘डी’ दाबून फोल्डर, ‘ओ’ दाबून पर्याय, आणि ‘आय’ दाबलं की सुरुवात. दिसायला जुनाट आहे, पण मला त्याचा रुक्षपणाच आवडतो; एसएसएचवरून बसवताना ग्राफिकल खिडकीचा काही उपयोग नसतो.

स्कीमबद्दल, म्हणजे किती पॅकेजं घ्यायची त्या निवडीबद्दल, माझं मत ठाम आहे. लॅबमध्ये पूर्ण स्कीम, लॅपटॉपवर मध्यम किंवा लहान. पूर्ण स्कीमला डिस्कवर साधारण आठ जीबी लागतात. त्यातला मोठा वाटा पॅकेजांची माहितीपत्रकं आणि सोर्स फाइलींचा असतो. ‘ओ’च्या पर्यायांत हे दोन्ही बंद केले की आकार जवळपास अर्ध्यावर येतो. सोर्स खुशाल बंद करा, विद्यार्थ्यांना तो कधीच लागत नाही. माहितीपत्रकं मात्र मी ठेवतो. टेक्सडॉक कमांडला पॅकेजचं नाव दिलं की त्याची पीडीएफ पुस्तिका समोर उघडते, नेट असो वा नसो. लॅबमधलं नेट तासभर बंद पडलं की या पुस्तिकांची किंमत कळते.

बेसिक स्कीम घेऊन लागेल तसं टीएलएमजीआरनं भरत जायचं, असं बरेच जण सुचवतात. एकट्या माणसाला ते चालतं. वीस विद्यार्थ्यांसमोर दर तासाला एक ‘फाइल सापडत नाही’ असं होणार असेल, तर नको.

नेटवरून पूर्ण संच यायला तास-दीड तास धरून चाला. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी मध्येच वीज गेली तर घाबरू नका. अर्धवट राहिलेल्या इन्स्टॉलेशनची नोंद इन्स्टॉलर ठेवतो, आणि पुन्हा चालवल्यावर आधीच्याच निवडीनं पुढे जायचं का असं विचारतो. हो म्हणायचं.

संपल्यावर पडद्यावर तीन वाटा पाथ (कमांडा शोधायच्या फोल्डरांची यादी), मॅनपाथ आणि इन्फोपाथमध्ये जोडायला सांगणारा मजकूर येतो. तो न वाचता खिडकी बंद करणारे बरेच असतात, आणि मग ‘पीडीएफलाटेक कमांड सापडत नाही’ अशी तक्रार येते. मूळ टेक लाइव्ह युएसआर-बिनमध्ये काही टाकत नाही. त्याचे प्रोग्राम स्वतःच्या वर्षाच्या फोल्डरातल्या ‘बिन’मध्ये, प्रोसेसरच्या नावाच्या उपफोल्डरात असतात: नेहमीच्या पीसीवर एक्स८६-६४ लिनक्स, एआरएमवर एआर्क६४. हा पत्ता पाथच्या सुरुवातीला जोडायचा, शेवटी नाही. शेवटी जोडला आणि कुठे उबुंटूचं टेक शिल्लक असलं, तर तेच आधी सापडेल. ताईंच्या ‘जुनं चालतंय की नवं’ या कोड्याचं कारण बहुधा हेच. ‘टाइप’ला ‘ए’ पर्याय देऊन झीलाटेकचं (युनिकोड वाचणाऱ्या लाटेक प्रोग्रामचं) नाव द्या. पाथवर असलेल्या त्याच्या सगळ्या प्रती क्रमानं दिसतात. एकच ओळ यायला हवी.

ही जोडणी बॅशआरसीमध्ये (टर्मिनलच्या सेटिंग फाइलमध्ये) करू नका. टर्मिनलमध्ये सगळं चालेल, पण डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून उघडलेल्या टेक्सस्टुडिओ या लाटेक संपादकाला ती फाइल दिसत नाही, आणि तो ‘लाटेक नाही’ म्हणून हात वर करेल. लॅबसाठी ईटीसीखालच्या ‘प्रोफाइल डॉट डी’मध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवा, सगळ्या वापरकर्त्यांना लागू होते. एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं. आणि सुडोचा आणखी एक जाच: सुडो स्वतःचा सुरक्षित पाथ वापरतो, त्यामुळे ‘सुडो टीएलएमजीआर’ म्हटलं की ‘कमांड सापडत नाही’ येतं. फोल्डरची मालकी आधीच आपल्याकडे असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

टेक्सस्टुडिओ ॲप्टनं टाकताना ‘रेकमेंड्स नको’ हा पर्याय द्या, नाही तर तो उबुंटूचं टेक लाइव्ह मागच्या दारानं परत आणतो. काही प्रोग्रामांना टेक लाइव्ह सक्तीनंच लागतं. त्यांच्यासाठी इक्विव्ह्ज वापरून एक पोकळ पॅकेज तयार करतात, जे ॲप्टला सांगतं की टेक लाइव्ह आधीच आहे, काळजी नसावी. त्याचा तयार नमुना टेक युझर्स ग्रुपकडेच मिळतो.

उरलेले एकोणीस संगणक. टेक लाइव्हचं झाड स्वयंपूर्ण असतं, त्यातले पत्ते एकमेकांच्या संदर्भानं लिहिलेले असतात. म्हणून एका मशीनवरचा पूर्ण फोल्डर आरसिंकनं (फोल्डरांची नक्कल करणाऱ्या कमांडनं) दुसऱ्यावर नेला की तिथेही चालतो. सोबत प्रोफाइलची स्क्रिप्ट न्यायची. लॅबच्या आतल्या नेटवर्कवर हे बाहेरच्या इंटरनेटपेक्षा कितीतरी वेगानं होतं, आणि बाहेरून डाउनलोड एकदाच. मशीनं वेगवेगळ्या जातीची असतील, म्हणजे काही साधे पीसी आणि काही रास्पबेरी पाय, तर बसवतानाच दोन्ही प्रोसेसरांचे प्रोग्राम निवडता येतात. एनएफएसवर (नेटवर्कवरून वाटलेल्या फोल्डरवर) एकच प्रत सगळ्यांना वाटूनही चालते, फक्त सर्व्हर पडला की अख्खी लॅब पडते. मी आरसिंकच घेईन.

मॅकवाल्यांसाठी दोन ओळी पुरेत. मॅकटेक म्हणजे हेच मूळ टेक लाइव्ह, मॅकच्या इन्स्टॉलरमध्ये बांधलेलं, आणि पाथ ते स्वतःच जुळवतं. जागा कमी असेल तर बेसिकटेक घ्या. फ्रीबीएसडीवर पीकेजीनं टेकलाइव्ह-फुल मिळतं.

आता मराठी

इथे जरा रेंगाळतो, कारण नागपुरातून येणारे निम्मे प्रश्न इथेच अडलेले असतात.

पीडीएफलाटेकनं थेट युनिकोड मराठी होत नाही. फ्रान्स वेल्थुइस यांचं जुनं देवनागरी पॅकेज आहे, त्यात मजकूर रोमन संकेतांत लिहून आधी एका प्रोग्राममधून काढावा लागतो. संस्कृतवाल्यांनी ते वर्षानुवर्षं वापरलं, पण आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या. दोन्ही युनिकोड थेट वाचतात आणि अक्षरजुळणीचं काम हार्फबझकडे देऊ शकतात. झीटेकमध्ये हे मुळातच आहे. लुआलाटेकमध्ये फॉन्ट सांगताना रेंडरर म्हणून हार्फबझचं नाव घालावं लागतं, आणि तसं चालणारं इंजिन टेक लाइव्ह २०२० पासून लुआलाटेकचं नेहमीचं इंजिन झालं.

जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते, याचं नेहमीचं कारण असं: फॉन्टस्पेक या पॅकेजला फॉन्टचं नाव दिलं, पण लिपी सांगितलीच नाही. फॉन्टच्या पर्यायांत ‘स्क्रिप्ट’ समोर देवनागरी लिहा. त्याच्याच शेजारी ‘लँग्वेज’ समोर मराठी लिहा, हे दुसरं फार जण करत नाहीत. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ मुळात हिंदी वळणाचे असतात, आणि मराठी वळणाची अक्षरं त्याच फॉन्टात भाषेच्या पर्यायामागे दडलेली असतात. तो पर्याय दिला की पानाचं रूपच बदलतं. ज्येष्ठ मार्गदर्शकांच्या नजरेत हे पटकन भरतं; कारण सांगता आलं नाही तरी ‘हे आपलं वाटत नाही’ एवढं ते नक्की म्हणतात. टिरो देवनागरी मराठीसारखा फॉन्ट घेतला तर मराठी वळण मुळातच मिळतं.

तपासणीसाठी लांबलचक उतारा नको, एक ओळ पुरते: ‘वऱ्हाडातल्या दऱ्यांतून शाळकरी मुलांचा लोंढा निघाला.’ वऱ्हाड आणि दऱ्या यांतला अर्धा ऱ डोळ्याच्या पापणीसारखा आडवा यायला हवा. रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढला, तर टायपिंगमध्ये नुक्त्याचा ऱ न वापरता साधा र वापरलाय किंवा फॉन्ट अपुरा आहे. शाळकरीतला श आणि ल मराठी वळणाचे हवेत. निघालामधली वेलांटी न च्या डावीकडे हवी. एवढं जमलं की बाकी मराठी जमलीच म्हणा.

फॉन्ट बसवायला घरच्या ‘लोकल-शेअर-फॉन्ट्स’ फोल्डरात फाइली ठेवून एफसी-कॅश चालवायचं. एफसी-लिस्टला भाषा म्हणून ‘एमआर’ सांगितलं तर मराठी येणारे सगळे फॉन्ट दिसतात. लॅबमध्ये मात्र फॉन्ट सिस्टीमच्या फोल्डरातच ठेवा. मुक्ता, नोटो, लोहित, आयआयटी मुंबईचा शोभिका यांतून एक निवडून सगळ्या मशीनवर तोच ठेवलात तर मार्गदर्शकाकडे वेगळं आणि विद्यार्थ्याकडे वेगळं असं होत नाही. टेक लाइव्हसोबत येणारे फॉन्ट झीटेकला नावानं सापडत नसतील, तर टेक लाइव्हच्या झाडात फॉन्टकॉन्फिगची एक तयार फाइल असते, ती ईटीसीखालच्या फॉन्ट्सच्या कॉन्फिगरेशन फोल्डरात नेऊन एफसी-कॅश पुन्हा चालवा. आरसिंक करताना हे प्रत्येक मशीनवर करायचं लक्षात ठेवा. लुआलाटेक पहिल्यांदा चालवल्यावर काही मिनिटं गप्प बसतं. ते सगळ्या फॉन्टांची यादी करत असतं, कंट्रोल-सी मारू नका.

ओळीच्या शेवटी शब्द नीट तुटावेत म्हणून पॉलिग्लॉसिया किंवा बॅबेल या भाषेच्या पॅकेजला मराठी ही भाषा सांगा. मराठीचे विभाजन-नियम टेक लाइव्हमध्ये आहेत. भाषा न सांगितल्यास लांब शब्द समासात घुसतात.

श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये जुन्या पद्धतीनं टाइप केलेला मजकूर असेल, तर कोणतंही टेक तो जसाच्या तसा घेणार नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर माणसानं वाचा. जोडाक्षरं आणि अनुस्वार तिथेच घसरतात.

पुढची देखभाल

महिन्या-दोन महिन्यांनी मुख्य मशीनवर टीएलएमजीआरला ‘अपडेट’, ‘सेल्फ’ आणि ‘ऑल’ सांगा, दोन-तीन नेहमीच्या फाइली कंपाइल करून बघा, आणि मगच बाकीच्यांवर आरसिंक करा. परीक्षा किंवा प्रबंध जमा करायच्या हंगामात अपडेट नको. एखाद्या पॅकेजनं घोळ घातलाच तर टीएलएमजीआर ‘रिस्टोअर’नं मागची आवृत्ती परत आणता येते, त्याचा बॅकअपचा पर्याय चालू ठेवला असेल तर.

विद्यार्थ्यांना अपडमॅप हा प्रोग्राम ‘युझर’ पर्यायानं चालवू देऊ नका. एकदा चालवला की त्या खात्यात फॉन्टांचा नकाशा कायमचा वेगळा होतो, आणि सिस्टीमवरची नवी नोंद त्याला दिसेनाशी होते. करायचंच तर ‘सिस्’वालं, तेही देखभालीच्या खात्यातून.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा वार्षिक संच येण्याआधी चालू वर्षाचं भांडार गोठतं. त्यानंतर जुन्या वर्षाचं टीएलएमजीआर नव्या भांडाराशी बोलत नाही, आणि ते बिघाड म्हणून समोर येतं. तो बिघाड नाही. नवा संच वेगळ्या वर्षाच्या फोल्डरात सुरुवातीपासून बसवा, जुना तसाच राहू द्या. दोन वर्षांचे संच शेजारी राहू शकतात, कारण पाथमध्ये एकच असतो. प्रोफाइलच्या स्क्रिप्टमधला आकडा बदलला की सगळे नव्यावर. अर्धवट प्रबंध असलेल्या विद्यार्थ्याला जुनाच हवा असेल तर त्याच्या खात्यात जुना पत्ता पुढे ठेवता येतो. एखाद्या जुन्या वर्षाचीच पॅकेजं लागली तर युटा विद्यापीठाच्या गणित विभागाच्या सर्व्हरवर मागच्या वर्षांची भांडारं जपून ठेवलेली आहेत. टीएलएमजीआरला रिपॉझिटरी म्हणून तो पत्ता द्यायचा. जुन्या संचावरचा शेवटचा प्रबंध जमा झाला की तो वर्षाचा फोल्डर आणि घरातला टिंबाचा जोडीदार, दोन्ही पुसून टाका. ॲप्टला काही सांगावं लागत नाही, मूळ टेक लाइव्हची त्याच्याकडे नोंदच नसते.